धानाचे नाव : एका वाणाच्या इतिहासातून उभे राहिलेले काही प्रश्न

नांदेड म्हटले की आपल्या चळवळीतील माणसाला मराठवाडा आठवतो. नामांतराचा लढा आणि पोचीराम कांबळे आठवतात. खोब्रागडे म्हटले की चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे डोळ्यांपुढे येतात. मला आज ज्या नांदेडविषयी व ज्या खोब्रागड्यांविषयी लिहावयाचे आहे, ते मात्र दुसरेच आहेत. हे नांदेड चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात आहे. आणि हे खोब्रागडे म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. तिसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी, जातीने महार व धर्माने बौद्ध. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

मी या भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. एकदा वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, एचएमटी म्हणजे काय?" तिच्या घरी एचएमटीचा धान होतो, बाजारात एचएमटीचा तांदूळ मिळतो, लग्नाच्या पंगतीला तो शिजतो. पण या तीन इंग्रजी अक्षरांचा धानाशी संबंध काय, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मी उत्तर दिले ते घाईचे व अपुरे होते. तो प्रश्न मनात राहिला. धानाच्या नावाचा शोध घेऊ लागलो तेव्हा असे दिसले की, ही केवळ शेतीच्या सुधारणेची कथा नव्हे. ज्ञान कोणाचे मानले जाते आणि नाव कोणाचे लागते, या आपल्या जुन्याच प्रश्नाची ती नवी आवृत्ती आहे.

१

प्रथम या मुलखाविषयी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया हा पूर्व विदर्भाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. पश्चिम विदर्भाची काळी जमीन कापसाची; येथे धान. जुन्या मालगुजारीच्या काळात खोदलेले तलाव, लहान लहान बोड्या, त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या आणि बांध्यांमधून जाणारे धुरे असे या शेतीचे रूप आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाची कीर्ती मोठी. पण तलावाची माती कोणी वाहिली, याची नोंद कोठे सापडत नाही. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. तलाव सरकारचे झाले. जमीन मात्र ज्यांच्या हाती होती, बहुतांशी त्यांच्याच हाती राहिली.

या भागातील महारांची स्थिती पश्चिम महाराष्ट्राहून थोडी निराळी होती हे ध्यानी घेतले पाहिजे. तेथील वतनाचा फास येथे तितका घट्ट नव्हता. येथे महार विणकर होते, कोतवाल होते, काही कुळे होती, थोड्यांकडे स्वतःची जमीन होती. अस्पृश्यता होतीच, पण जमिनीशी नाते केवळ गुलामीचे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यास दीक्षा दिली. ती ज्या समाजाने घेतली, त्यात धानाच्या चिखलात उभे राहणारे हजारो लोक होते. दादाजींची पिढी ही त्या दिवसांत मिसरूड फुटलेल्या मुलांची पिढी.

या धानाच्या शेतीत सुगंधाचीही एक वर्णव्यवस्था होती. जुने वासाचे धान, जसे आपल्याकडचा चिन्नोर, भारी वाणाचे. म्हणजे उशिरा पिकणारे, उंच वाढणारे, दाण्याच्या भाराने लोळणारे आणि उताऱ्याला कमी. ज्याच्याकडे तलावाचे शेवटपर्यंत पाणी आहे आणि ज्याला उतारा कमी आला तरी चालतो, त्याच्याच बांधीत ते पिकणार. माझी आई रोवण्याला जात असे. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, दिवसभर वाकून चिखलात रोवायचे. मजुरी धानात मिळे आणि तो धान जाड असे. बारीक, वासाचा धान मालकाच्या कोठीत जाई. गिरणीतून आलेली कनकी आमच्या वाट्याला येई. चिन्नोर कसा रोवायचा हे आईला ठाऊक होते, शिजल्यावर त्याचा वास कसा येतो हे तिला मालकाच्या आवारातून कळे. भरघोस पिकणारा आणि तरी बारीक व चवीचा धान, ही म्हणूनच केवळ शेतीशास्त्राची गरज नव्हती. गरिबाला आपल्याच श्रमाचा घास खाता यावा, ही त्यामागची मूळ गोष्ट होती.

हरितक्रांतीने यातले अर्धेच दिले. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ हा बुटका वाण दिला. आपल्याकडे १९६८ साली जया आला. उतारा वाढला. पण हे धान जाडे, खतावर पोसलेले, चवीला सामान्य. वास आणि उतारा एकत्र आणणे कठीण, अशीच त्या वेळच्या प्रयोगशाळांतील समजूत होती.

२

१९८३ साली दादाजींच्या शेतात पटेल-३ हा वाण लावलेला होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी तो काढला, म्हणून त्याचे नाव पटेल. उभ्या पिकात दादाजींना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. दाण्यांना पिवळसर छटा होती. त्यांनी त्या खुडल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या.

येथे थोडे थांबले पाहिजे. धान हे बहुतांशी स्वपरागी पीक आहे. एका फुलातील पराग त्याच फुलात पडतो. परका पराग क्वचितच शिरतो. म्हणून लाखो लोंब्या एकसारख्या दिसतात. क्वचित अपघाताने संकर होतो किंवा बीजातच बदल घडतो आणि एखादे रोप निराळे निघते. बहुतेक शेतकरी त्याला भेसळ समजून उपटून टाकतात. निराळे दिसलेले टाकून न देता वेगळे ठेवणे, हीच संशोधनाची पहिली पायरी होय. युरोपात योहान्सेन या शास्त्रज्ञाने १९०३ साली घेवड्याच्या बियांवर प्रयोग करून शुद्ध वंशावळीची कल्पना मांडली. त्या पद्धतीने जगात शेकडो वाण निवडले गेले. दादाजींनी योहान्सेनचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. पण पद्धत तीच होती.

१९८४ साली त्यांनी ते दाणे शेताच्या मध्यभागी, इतर धानापासून वेगळे पेरले. रानडुकरे येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्या लावल्या. जंगलालगतच्या शेतीत प्रयोगाचे कुंपण असेच असते. पुढल्या वर्षी त्या दाण्यांचे अधिक दाणे केले, त्यातून पुन्हा निवडले, पुन्हा वेगळे पेरले. असे पाच-सहा हंगाम चालले. पाहणे, वेगळे काढणे, मूळ वाणाशी ताडून पाहणे आणि वर्षानुवर्षे तेच पुन्हा करणे, यालाच विज्ञान म्हणतात. यातील कोणती पायरी प्रयोगशाळेच्या भिंतीवाचून अडते?

जो वाण हाती आला त्याचा दाणा पटेल-३ पेक्षा बारीक होता, भरडताना तांदूळ अधिक पडत होता, शिजल्यावर मोकळा होत होता आणि त्याला मंद वासही होता. चिन्नोरासारखा घमघमाट त्याला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण चिन्नोर जेथे थकतो तेथे हा हेक्टरी ४० ते ४५ क्विंटल उतरत होता. अगदी भारी नव्हे, अगदी हलका नव्हे, सुमारे १३० दिवसांत येणारा. म्हणजे ज्याच्याकडे शेवटपर्यंत पाणी नाही, अशा लहान शेतकऱ्यालाही हा बारीक धान परवडला.

१९९० साली एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बियाणे नेले आणि चार एकरांत लावले. पीक पाहून बोलबाला झाला. तळोधीच्या बाजारात हा धान विक्रीस आला तेव्हा त्याला नाव नव्हते. नावावाचून माल विकता येत नाही. त्या काळात एचएमटीची घड्याळे फार लोकप्रिय होती. व्यापाऱ्याने नाव दिले एचएमटी. पुढे हा धान छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत गेला.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ साली निघाला, १९६१ पासून तो घड्याळे करू लागला आणि २०१६ साली घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. घड्याळ गेले. त्याचे नाव एका बौद्ध शेतकऱ्याच्या धानावर राहिले आहे. शास्त्रज्ञ पटेल यांचे आडनाव वाणाला लागले, आणि ते योग्यच होते. त्याच वाणातून नवा वाण काढणाऱ्या खोब्रागड्यांचे आडनाव मात्र लागले नाही. लागले ते घड्याळाचे. व्यापाऱ्याने हे जातिद्वेषाने केले असे मी म्हणत नाही. त्याला खपणारे नाव हवे होते. पण शोध लावणाऱ्याचे नाव विचारावे, हे कोणाच्याच मनात येऊ नये, यात ही समाजव्यवस्था दिसते. ज्याचे हात चिखलात, त्याला डोके असेल ही शंकाच तिच्या मनाला शिवत नाही.

३

१९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रातर्फे, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातर्फे, दादाजींकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेण्यात आले. १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित झाला. दादाजींचे म्हणणे होते की वाण त्यांचा आणि श्रेय विद्यापीठाचे. विद्यापीठाच्या बाजूने सांगण्यात आले की शेतकऱ्याचे बियाणे एकजिनसी नव्हते, ते शुद्ध करून नवा वाण सिद्ध केला.

दोन्ही बाजू नीट तोलल्या पाहिजेत. बियाण्याचे शुद्धीकरण हे खरेच काम आहे, ते कष्टाचे आहे आणि शेतकऱ्याच्या हिताचेही आहे. शास्त्रात हा शब्द साध्या तांत्रिक अर्थाने वापरतात. तेथील शास्त्रज्ञांवर मी कोणताही हेत्वारोप करीत नाही. पण शुद्धीकरण हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्यायल्यावर त्या तळ्याचेही शुद्धीकरण झाले होते. म्हणून विचारावेसे वाटते: शुद्ध करणाऱ्याचे नाव राहते आणि निर्माण करणाऱ्याचे पुसले जाते, असे का व्हावे? पटेल-३ मधून एचएमटी, एचएमटीमधून पीकेव्ही-एचएमटी, ही सरळ वंशावळ आहे. तिच्यातील पहिला व तिसरा पिता कागदावर आहे. मधला मात्र नाही.

त्याच १९९४ साली १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षे आपल्या माणसांनी एका नावासाठी मार खाल्ला, घरे जळाली, प्राण गेले. आपण तेव्हा म्हणत होतो की प्रश्न पाटीवरील अक्षरांचा नव्हे, ज्ञानाच्या क्षेत्रात आमचा वाटा मान्य करण्याचा आहे. नेमक्या त्याच वर्षी, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, एका बौद्ध शेतकऱ्याच्या ज्ञानावर त्याचे नाव राहील की नाही हा प्रश्न पाच किलोच्या पिशवीतून निघाला होता. त्याची वार्ता आपल्या चळवळीला नव्हती.

हे येथेच घडले असे नाही. छत्तीसगडात डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात आदिवासी व लहान शेतकऱ्यांकडून धानाचे हजारो वाण जमविले. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले ज्ञान म्हणून त्यांनी त्यांची नोंद केली. २००२ साली त्या संग्रहासंबंधी सिंजेंटा या परदेशी कंपनीशी रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा करार होऊ घातला, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि कंपनीने माघार घेतली. १९९७ साली अमेरिकेत राईसटेक कंपनीने बासमतीसंबंधी पेटंट मिळविले. भारताने हरकत घेतली आणि २००१ पर्यंत त्यातील बहुतेक दावे गळाले. त्या वेळी सारा देश बासमतीसाठी चिडला होता. परक्याने नेले तर ती चोरी, हे आपल्याला चटकन कळते. घरातल्या घरात नाव पुसले गेले तर ते आपल्याला दिसतही नाही.

४

यानंतर दादाजींना सन्मान मिळाले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. राज्य शासनाने कृषिभूषण केले. २०१० साली फोर्ब्सच्या यादीत ग्रामीण भागातील प्रभावी उद्योजकांत त्यांचे नाव आले. पण अशा माणसाचे उत्पन्न काय होते? मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली आणि नातेवाइकांच्या तुकड्यावर पुढचे प्रयोग करावे लागले. शासनाकडून मिळालेल्या सुवर्णपदकात सोने पुरेसे नव्हते, अशी बातमी वर्तमानपत्रांतून आली. शेवटच्या आजारात औषधपाण्याची ओढाताण झाली. वाणाच्या प्रत्येक पोत्यावर त्यांना एक पैसा जरी मिळाला असता, तरी हे घडले नसते.

कायद्याचे काय? पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क दिला; ठशाच्या पिशवीत विकता येत नाही एवढीच अट. शेतकऱ्याने काढलेला वाण त्याच्या नावे नोंदविता येतो. शेतकऱ्याच्या वाणापासून दुसरा वाण काढावयाचा असेल तर त्याची संमती लागते, असे कलम ४३ सांगते. हा कायदा चांगला आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो वाचला पाहिजे. पण दादाजींचे बियाणे १९९० सालीच बाजारात गेले होते आणि १९९४ साली केंद्रात. त्या वेळी पाच किलो धान मागायला आलेल्या माणसाला कोणता शेतकरी पावती मागणार होता? बियाणे मागितले तर देणे, हा येथल्या खेड्याचा धर्मच आहे.

दादाजी मात्र थांबले नाहीत. त्यांनी आणखी वाण काढले आणि या वेळी नावे स्वतः ठेवली. विजय नांदेड, नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, दीपक रत्न. गावाचे नाव त्यांनी दाण्यावर कोरले. आणि एका वाणाचे नाव ठेवले डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. मला वाटते, या तीन अक्षरांत एका माणसाचे आत्मचरित्र आहे. आपले लेखक आत्मकथने लिहीत होते त्याच दशकांत हा माणूस धानात आपले नाव लिहीत होता.

५

आता आपल्याविषयी थोडे कडू बोलले पाहिजे. आपल्या साहित्यात शेत येते ते वेठीचे, मजुरीचे, अत्याचाराचे ठिकाण म्हणून. ते खोटे नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे सांगितले ते आपण विसरलेलो नाही, आणि खेडे सोडा हा त्यांचा संदेश अनेकांच्या मुक्तीचा मार्ग ठरला. मीही त्याच वाटेने शिक्षक झालो. पण त्याच बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून शेतीचा प्रश्न भांडवल व श्रमाच्या अंगाने मांडला होता, १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक आणले होते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. म्हणजे जमीन हा आपल्या चळवळीचा विषय होता. नंतर तो सुटला. आपण नोकरी व राखीव जागा यांच्यासाठी लढलो, ते आवश्यक होते. पण जे खेड्यातच राहिले, त्यांच्यापाशी केवळ दुःखच नव्हे, ज्ञानही आहे, हे आपण लिहावयास विसरलो.

दादाजींचा गौरव करताना एक वाक्य नेहमी ऐकू येते: शिक्षण नसूनही केवढे काम केले! हे वाक्य मला खटकते. त्यांचे शिक्षण तिसरीत थांबले ते गरिबीमुळे. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. शिकते तर त्यांनी काय केले असते, हा विचार कोणी करीत नाही. न शिकलेल्याचा चमत्कार म्हणून गौरव केला की व्यवस्था आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो नेमका याच जबाबदारीची आठवण देण्यासाठी. शूद्रातिशूद्राच्या श्रमावर जगणारी विद्या त्याच्या बांधापर्यंत का येत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. बरोबर शंभर वर्षांनी नांदेडच्या बांधीत तीन लोंब्या खुडल्या गेल्या. तेव्हाही विद्या बांधावर आली नव्हती. आली ती अकरा वर्षांनी, बियाणे नेण्यासाठी.

म्हणून माझे वाचकांना, विशेषतः येथील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना, सांगणे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी, गोंड-माडियांच्या पाड्यांवर, आपल्या वस्त्यांतून, कोणते धान कोणी जपले हे विचारावे. नावे लिहून घ्यावीत, वाणाचे व माणसाचेही. रोवणारीने, निंदणारीने कोणते रोप निराळे म्हणून ओळखले, हे तिच्या तोंडून ऐकावे. कारण धानाच्या शेतात सर्वांत जास्त वाकून पाहणारे डोळे बाईचे असतात आणि तिचे नाव तर डीआरकेइतकेही उरलेले नाही. नोंद होण्याजोगा वाण असेल तर कायद्याने नोंद करून घ्यावी. बियाणे जरूर द्यावे, पण देताना कागद करावा.

त्या मुलीला मी नंतर वर्गात पुन्हा उभे केले. फळ्यावर एचएमटी ही अक्षरे लिहिली आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना दिले. खाली डीआरके लिहिले व पूर्ण नाव लिहिले. मुलांनी वह्यांत उतरून घेतले. क्रमिक पुस्तकात ते नाही. तोवर फळ्यावर असू द्यावे.